आमेन कोणी म्हणावे?

आध्यात्मिक जागृती हा शब्द आपल्या मंडळ्यांत जितका उच्चारला जातो, तितका तो तपासला जात नाही. पाळकांच्या बैठकीत, उपवासप्रार्थनेच्या आठवड्यात, वार्षिक सभांच्या पत्रकांवर तो हमखास असतो. सभेस किती लोक जमले, किती जणांच्या डोळ्यांत पाणी आले, किती जण उठून पुढे आले, एवढ्यावर जागृती झाली किंवा झाली नाही असा निर्णय दिला जातो. ह्या मोजमापाविषयी आम्हांस शंका आहे. जागृतीने सामान्य विश्वासणाऱ्याच्या ओठांवर कोणती वाणी ठेवली आणि पुढाऱ्याने त्या वाणीस जागा करून दिली किंवा कसे, ह्यावरून तिची परीक्षा व्हावी असे आमचे प्रतिपादन आहे.

करिंथ येथील मंडळीपुढे हाच प्रश्न होता. त्या मंडळीत उत्साहाची वाण नव्हती. आत्मिक दानांची तर रेलचेल होती. प्रेषित पौलाने पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात तिला जी कसोटी लावली ती फार साधी आहे. एखाद्याने कितीही उत्तम उपकारस्तुती केली, परंतु शेजारी बसलेल्या अनभिज्ञ माणसास ती कळलीच नाही, तर त्याने तिच्यावर आमेन कसे म्हणावे, असे तो विचारतो. मंडळी एकत्र जमली म्हणजे कोणाजवळ स्तोत्र तर कोणाजवळ शिक्षण असणारच, हे तो पुढे गृहीत धरतो. शिस्तीचा आग्रह त्यानंतर येतो. हा क्रम आमच्या मते महत्त्वाचा आहे. जेथे प्रत्येकास काही बोलावयाचे आहे तेथेच शिस्त लावण्याची गरज पडते. जेथे एकच बोलतो आणि बाकीचे ऐकतात, तेथे शिस्त आपोआप असते; पण ती स्मशानातील शांततेच्या जातीची असते.

ही कसोटी हाती घेऊन मराठी ख्रिस्ती परंपरेतील दोन प्रसिद्ध जागृती आम्ही येथे तपासू इच्छितो. एक पंडिता रमाबाईंच्या केडगावची, दुसरी नारायण वामन टिळकांच्या भजनांची. दोहोंचा गौरव आपण पुष्कळ केला आहे. परंतु गौरव आणि चिकित्सा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चिकित्सेवाचून वारसा कामाला येत नाही.

पुराणाचा श्रोता

ह्या दोहोंच्या कितीतरी आधी गोव्यात मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा आरंभ झाला होता, आणि तो एका श्रोत्याच्या मागणीने झाला होता. १५७९ साली गोव्यास आलेले इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली साष्टीतील राचोल येथे छापले गेले. ग्रंथाच्या आरंभीच एक प्रसंग आहे. मुलांचे धर्मशिक्षण चालू असता एक गृहस्थ पाद्री-गुरूंपुढे आपले गाऱ्हाणे मांडतो. जुन्या पुराणांचे वाचन तर बंद झाले. त्यांच्या जागी मराठीत वाचावयास आम्हांस काहीतरी द्या, असा त्याचा भावार्थ आहे. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ म्हणजे त्या मागणीस दिलेले उत्तर होय. पुढेही श्रोते शंका काढतात आणि गुरू त्यांचे निरसन करतात. देवळांतून ह्या पुराणाचे वाचन होत असे.

तथापि पुराणाला म्हणून एक मर्यादा असते. श्रोत्याने विचारावे, शेवटचा शब्द गुरूचा. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला, तेव्हा तर त्या श्रोत्याची विचारण्याची भाषाच निषिद्ध ठरली. लोकांची भाषा उपासनेतून गेली म्हणजे लोक येतात, गुडघे टेकतात, उठतात. विचारीत मात्र नाहीत. आज कोणताही हुकूम निघालेला नाही. तरीही बेळगाव, इंदूर, बडोदे अशा ठिकाणी ज्या मंडळ्यांतील मुले कन्नड, हिंदी, गुजराती वा इंग्रजी माध्यमातून शिकतात, तेथील पाळकांनी हा इतिहास विसरू नये. मराठी उपासना चालू आहे एवढ्याने मराठीतून प्रार्थना करणारी मंडळी आहे असे सिद्ध होत नाही.

केडगाव : थांबलेला उपदेश

१९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जे घडले त्याचे वर्णन आपल्या व्यासपीठांवरून वारंवार होते; पण बहुधा त्यातील अग्नीचेच होते. तेथे जमलेली मंडळी कोणती होती हे आधी पाहिले पाहिजे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून रमाबाईंनी आणलेल्या मुलींचा व विधवांचा तीत मोठा भरणा होता. घरात, जातीत, गावात ज्यांचे म्हणणे कोणी कधी विचारले नव्हते अशा त्या होत्या. त्यांतील कितीएकींची मातृभाषाही मराठी नव्हती.

त्या वर्षीच्या जानेवारीत रमाबाईंनी जागृतीसाठी रोज आपल्याबरोबर प्रार्थनेस बसणाऱ्यांना बोलाविले, तेव्हा सुमारे ७० जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ही संख्या ५५० झाली. ३० जून रोजी रमाबाई आपल्या नेहमीच्या शांत पद्धतीने योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय शिकवीत असता मुली मोठ्याने प्रार्थना करू लागल्या आणि रमाबाईंना आपले बोलणे थांबवावे लागले, असे त्यांच्या सहकारी मिनी एब्रम्स यांनी लिहून ठेवले आहे.

ह्या वृत्तांतातील शेवटचा तपशील आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. बोलणे थांबविणारी व्यक्ती सामान्य नव्हती. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी जिचे संस्कृत पांडित्य ऐकून तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या, तीच ही स्त्री. केडगावात तिचा शब्द अखेरचा असे. अशा अधिकारी शिक्षिकेचा वर्ग मध्येच बोलू लागला आणि तिने त्याला गप्प केले नाही. गणनाच्या पुस्तकातील अकराव्या अध्यायात एलदाद व मेदाद छावणीत संदेश देऊ लागतात, तेव्हा त्यांना मना करावे असे यहोशवा सुचवितो, आणि परमेश्वराचे सर्वच लोक संदेष्टे असते तर किती बरे झाले असते, असे मोशे बोलून दाखवितो. यहोशवाचा सल्ला देणारे केडगावच्या बाबतीतही पुष्कळ होते. आक्रोश, अश्रू, एकाच वेळी शेकडो मुखांनी चाललेली प्रार्थना हे सारे त्यांना असभ्य वाटले. इंग्लंड-अमेरिकेच्या सभ्यतेच्या मापात जे बसत नाही ते सैतानाकडूनच आले असे का समजावे, ह्या आशयाचा प्रश्न रमाबाईंनी 'मुक्ती प्रेयर बेल' मधून विचारला. पुढारीपणाची खरी परीक्षा अशा क्षणी होते. सभा आपल्या हातून सुटत आहे असे वाटत असता ती देवाच्या हाती जात आहे किंवा काय, हे ओळखण्याचे धैर्य त्यास लागते.

परंतु पौलाची कसोटी येथेही लावली पाहिजे. शेकडो मुली एकदम प्रार्थना करीत असता शेजारणीचे शब्द कोणास कळले? तिच्या प्रार्थनेवर आमेन कोणी म्हटले? शिवाय त्या मुलींचे उद्गार आपल्यापर्यंत पोहोचले ते प्रामुख्याने परदेशी वाचकांसाठी लिहिलेल्या इंग्रजी वृत्तांतांतून. ज्यांना वाणी मिळाली त्यांची वाणी त्यांच्याच शब्दांत फार थोडी उरली. केडगावच्या जागृतीचे हे उणेपण झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही.

रमाबाईंच्या उरलेल्या आयुष्याकडे पाहिले असता मात्र ह्या आक्षेपाचे निम्मे उत्तर सापडते. मुलींचे गट आळीपाळीने आसपासच्या गावांत जाऊ लागले. ज्या आत मोठ्याने रडल्या त्यांना बाहेर लोकांस कळेल असे बोलावे लागले. आणि स्वतः रमाबाईंनी बायबलच्या नव्या मराठी भाषांतरास आपली शक्ती वाहिली. त्यासाठी त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. शास्त्री-पंडितांच्या वळणाची शब्दयोजना त्यांनी कटाक्षाने टाळली; अल्पशिक्षित बाईला वाचता यावे आणि वाचलेले कळावे हा त्यांचा हेतू होता. मुक्तीच्याच छापखान्यात, मुक्तीच्याच स्त्रियांच्या हातून ते काम चालले. अखेरची मुद्रिते तपासून होतात न होतात तोच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. अर्थ सांगणाऱ्यावाचून अन्य भाषेत बोलू नये असे पौल म्हणतो. त्या जूनमधील गलबल्याचा अर्थ सांगण्याचे काम रमाबाईंनी पुढे १७ वर्षे केले असे आम्ही समजतो. केडगावचे नाव घेऊन मोठ्या सभा भरविणारे पुष्कळ आहेत. सभा संपल्यानंतरची ही १७ वर्षे मात्र कोणी मागत नाही.

टिळक : उसना दिलेला 'मी'

टिळकांचा मार्ग वेगळा होता. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला; १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. अहमदनगर (आता अहिल्यानगर) हे त्यांचे मुख्य कार्यक्षेत्र. तेथील अमेरिकन मराठी मिशनमध्ये कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली होती. तरी मंडळीच्या नित्य उपासनेत इंग्रजी गीतांच्या भाषांतरांचे वर्चस्व होते. परक्या चालीत मराठी शब्द कोंबलेली ती गीते भक्तिभावाने गाइली जात, पण ती तोंडात बसत नसत. टिळकांनी अभंग, ओवी आणि पद हे साचे उपासनेत आणले. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. त्याच सेतूवरून त्यांनी मंडळीच्या गाण्यालाही चालविले. आज 'उपासना संगीत' उघडले तर पानोपानी त्यांचे नाव आढळते.

ह्या बदलाचे मर्म केवळ चालीत नाही. कीर्तनात ध्रुपद पुनःपुन्हा लोकांकडे येते. गाणारा पुढे जातो. लोक त्याला धरून ठेवतात. श्रोता हा येथे टाळकरी होतो. पुराणात ज्याला फक्त विचारण्याचा हक्क होता, त्याला कीर्तनात गाण्याचा हक्क मिळाला.

टिळकांच्या भजनांवर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही विचार करण्याजोगे आहेत. पहिला असा की, ही गीते फार एकांतातील आहेत. त्यांत जीव आणि ख्रिस्त, लेकरू आणि माउली, शिष्य आणि गुरू एवढे दोघेच असतात. मंडळी, प्रभुभोजनाची पंगत, शेजारी, अन्यायाने गांजलेला मनुष्य हे त्यांत क्वचित येतात. ह्या आक्षेपात तथ्य आहे. केवळ टिळकांच्या भजनांवर पोसलेली मंडळी ख्रिस्ताशी बोलावयास शिकेल; पण आपण एक शरीर आहोत हे तिला दुसरीकडून शिकावे लागेल. तथापि अभंगातील 'मी' हा कवीच्या मालकीचा नसतो हेही ध्यानात घेतले पाहिजे. गाणारा तो उसना घेतो. ज्या माणसाला देवापुढे स्वतःविषयी एक वाक्य बोलता येत नव्हते त्याला टिळकांनी ते वाक्य दिले, आणि ते गाता गाता त्याचे झाले.

दुसरा आक्षेप सामाजिक आहे. नगरच्या मंडळ्यांतील बहुसंख्य लोक महार व मांग समाजांतून आलेले. त्यांच्या ओठी एका चित्पावन कवीची वाणी का असावी? आमच्या मते साच्याच्या बाबतीत हा आक्षेप टिकत नाही. अभंग हा कोणा एका जातीचा कधीच नव्हता. चौदाव्या शतकात चोखामेळा तो रचीत होता. टिळकांनी ह्या लोकांना परके काही दिले नाही; त्यांचेच त्यांना परत दिले. मात्र शब्दांच्या बाबतीत आक्षेप खरा ठरतो. टिळकांच्या कित्येक पदांतील समासप्रचुर संस्कृत शब्द आज सुशिक्षितांनाही अडतात. न कळणाऱ्या मराठीवर म्हटलेले आमेन आणि न कळणाऱ्या पोर्तुगीजवर म्हटलेले आमेन यांत फारसा फरक नाही. येथे रमाबाईंची साधी मराठी हाच टिळकांच्या भाषेवरील सर्वांत सडेतोड अभिप्राय होय.

पुढारी म्हणून टिळकांचे मूल्यमापन अधिक कठीण आहे. १९१७ साली त्यांनी मिशनची सवेतन सेवा सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सर्व शिष्य त्यात एकत्र यावेत ही त्यांची कल्पना होती. पगार, बंगला आणि परदेशी मंडळाची मान्यता यांवर उभ्या असलेल्या पुढारीपणास दिलेले ते उत्तर होते. त्या उत्तरातील त्याग निर्विवाद आहे. परंतु ९ मे १९१९ रोजी टिळक वारले आणि दरबारही फार काळ टिकला नाही. तो एका माणसाच्या तेजावर उभा होता. भजने टिकली, कारण ती लोकांच्या मुखी होती. दरबार मोडला, कारण तो टिळकांच्याच हाती होता. एकाच माणसाच्या दोन कृतींची ही दोन फळे सेवकवर्गाने शेजारीशेजारी ठेवून पाहावीत.

ह्या परंपरेचे सर्वांत सुंदर फळ मात्र टिळकांच्या घरातच आले. लक्ष्मीबाई लग्नानंतर कशाबशा लिहावाचावयास शिकल्या. पतीचे धर्मांतर त्यांनी वर्षानुवर्षे सोसले. १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी पूर्ण केले, आणि १९३४ पासून त्यांची 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध होऊ लागली. मराठी गद्याच्या कोणत्याही इतिहासात ह्या पुस्तकास स्थान आहे. त्याची भाषा व्यासपीठाची नाही, माजघराची आहे. श्रोता विचारू लागला, मग गाऊ लागला, आणि अखेर लिहू लागला, तो असा.

आपल्या उपासनेकडे

आता आपल्या आजच्या उपासनेकडे पाहू. तिच्यात दोन प्रकार रूढ आहेत आणि ते एकमेकांस नावे ठेवतात. पहिल्या प्रकारात छापील विधी, ठरलेली चार गीते, लांब उपदेश आणि आशीर्वाद असतो. टिळकांचे भजन तेथे उपदेशापूर्वीची जागा भरण्यास वापरले जाते. वेळ कमी असल्यास त्याची मधली कडवी गाळली जातात, आणि ज्या ओळीवर सबंध गीताचा भाव वळतो ती ओळ नेमकी त्या कडव्यांत असते. दुसऱ्या प्रकारात छापील काही नसते, ध्वनिक्षेपक असतो. एकजण मोठ्याने बोलतो, वाद्ये वाजतात, लोक सांगितले की टाळ्या वाजवितात आणि सांगितले की आमेन म्हणतात. पहिल्या प्रकाराला हे लोक मेलेला म्हणतात. दुसऱ्याला ते लोक उथळ म्हणतात. आमच्या मते दोहोंचा रोग एकच आहे. दोन्ही ठिकाणी बोलणारा एक आहे. मागणीवरून निघालेले आमेन हे आमेन नव्हे, तो प्रतिध्वनी होय.

लोकांना बोलू दिले तर गोंधळ होईल, असे कोणी म्हणेल. होईलही. नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा नियमशास्त्र वाचतो, लेवी लोकांमध्ये मिसळून अर्थ समजावून देतात, आणि लोक रडू लागतात. तेव्हा पुढारी काय करतात? ते त्या अश्रूंचा हिशेब ठेवीत नाहीत किंवा ते वाढवीतही नाहीत. ते लोकांना रडे आवरावयास सांगतात, घरी जाऊन खावयास सांगतात, आणि ज्याच्या घरी काही शिजले नाही त्याला वाटा पाठवावयास सांगतात. भावनेला अर्थाकडे आणि अर्थाला शेजाऱ्याच्या ताटाकडे नेणे ही शिस्त होय. लोकांना गप्प बसविणे ही नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनाविधीविषयी जे संविधान संमत केले त्यातही सर्व लोकांच्या जाणत्या आणि सक्रिय सहभागावर भर आहे. आणि सर्व विश्वासणाऱ्यांचे याजकपण हा तर धर्मसुधारणेच्या परंपरेचा पायाच आहे. म्हणजे आपण कोणत्याही मंडळीचे असलो तरी ह्या बाबतीत सबब सांगण्यास आपणांस जागा नाही.

धर्मशिक्षकांना आमची विनंती अशी. भजन गाण्यापूर्वी त्यातील दोन अवघड शब्द उलगडून सांगावेत, आणि एकही कडवे गाळू नये. शास्त्रपाठ आठवड्यापूर्वी एखाद्या बाईला किंवा तरुणाला देऊन ठेवावा व तो समजावून द्यावा. मध्यस्थीची प्रार्थना पाळकानेच करावी असा कोठे नियम नाही. ज्याच्या घरी आजार आहे किंवा ज्याच्या शेतात पीक जळाले आहे त्याला ती करू द्यावी, मग तो अडखळला तरी चालेल. ज्या मुलाची शाळेची भाषा दुसरी आहे त्याला त्या भाषेत प्रार्थना करू द्यावी आणि दुसऱ्या कोणीतरी तिचा आशय मराठीत सांगावा. केडगावात जे अर्धे राहिले ते आपल्याला इतक्या साध्या उपायाने पुरे करता येईल. पाळकांनी, उपदेश रंगात आला असता कोणी प्रश्न विचारला तर थांबावे. रमाबाई थांबल्या होत्या.

वर्षअखेरीस वरिष्ठांकडे जाणाऱ्या अहवालात उपस्थितीचा, बाप्तिस्म्यांचा आणि वर्गणीचा रकाना असतो. त्यांच्याखाली हाताने आणखी एक रकाना आखावा, आणि ह्या वर्षी मंडळीत प्रथमच कोणी कोणी मोठ्याने प्रार्थना केली त्यांची संख्या त्यात लिहावी. तो आकडा शून्य असेल तर वरच्या कोणत्याही आकड्यावरून जागृती झाली असे कळवू नये.